डिशवॉशर घरच्या घरी दुरुस्त करायचा तर आधी पाण्याची वाट तपासा

धुणं अर्ध्यावर थांबलं, ताटांवर खरकटं तसंच राहिलं, तळाशी पाणी साचलं किंवा पडद्यावर कोड चमकायला लागला, की मेकॅनिकला फोन जातो. पण यातल्या बऱ्याच तक्रारी पाण्याच्या वाटेत काहीतरी अडकल्यामुळे येतात आणि ती वाट घरच्या घरी मोकळी करता येते. त्यासाठी आधी एक कळायला हवं: यंत्र नेमकं कोणत्या टप्प्यावर अडतं.

म्हणून काहीही उघडण्याआधी रिकामा डिशवॉशर चालू करा आणि जवळ उभं राहून ऐका. सुरुवातीला ड्रेन पंप थोडा वेळ घरघरतो आणि मागचं उरलेलं पाणी फेकतो. मग पाणी आत येताना सूं असा आवाज येतो. साधारण तीन-चार लिटर पाणी भरलं, की फिरवणारा मोठा पंप सुरू होतो आणि आतल्या भिंतींवर फवारा आदळताना ऐकू येतो. त्यानंतर पाणी तापतं, घाण पाणी बाहेर जातं, खळखळून धुणं होतं आणि शेवटी वाळवण. सूं आवाज आलाच नाही तर नळाकडे बघायचं. पाणी आलं पण फवारा ऐकू येत नसेल तर फिल्टर, फवाऱ्याचे हात आणि मोठा पंप बघायचा. फवारा चालतो, पण अर्ध्या तासानंतरही आतली स्टीलची भिंत गार असेल, तर हीटरचा टप्पा. शेवटी तळाशी पाणी राहिलं तर निचऱ्याची वाट. फिल्टरच्या खड्ड्यात अगदी तळाशी थोडं स्वच्छ पाणी राहणं मात्र नेहमीचं आहे. ते वर चढून जाळीपर्यंत आलं तर बिघाड समजायचा.

कोड दिसत असेल तर शोध आणखी सोपा होतो. बॉश आणि सीमेन्सच्या जुन्या मॉडेलांत ई24 म्हणजे निचऱ्याचा पाइप तुंबला किंवा मुडपला, ई25 म्हणजे ड्रेन पंप अडकला किंवा त्याचं झाकण नीट बसलेलं नाही, ई22 म्हणजे फिल्टर तुंबला, ई18 म्हणजे पाणी येत नाही, ई15 म्हणजे यंत्राच्या बुडाशी बसवलेल्या ट्रेमध्ये पाणी सांडलं, ई09 म्हणजे पाणी तापत नाही. एलजीत आयई म्हणजे पाणी येत नाही, ओई म्हणजे पाणी जात नाही, एचई म्हणजे हीटर, एलई म्हणजे मोटर. नव्या मॉडेलांत कोड लांबलचक आकड्यांचे असतात. ते आपल्याच मॉडेलच्या पुस्तिकेत बघावेत, एका कंपनीचा अर्थ दुसरीला लावू नये.

यंत्र मुळात सुरूच होत नसेल, तर दार खटका वाजेपर्यंत बंद झालंय का, चाइल्ड लॉक लागलाय का आणि उशिरा सुरू होण्याची वेळ चुकून लावली गेली नाही ना, एवढं आधी पाहा.

हात घालण्यापूर्वी

बटण बंद करणं पुरेसं नाही. 16 अँपिअरचा प्लग सॉकेटमधून काढा आणि पाण्याचा अँगल कॉक बंद करा. नुकतंच धुणं झालं असेल तर आतलं पाणी भाजेल इतकं गरम असतं, थांबा. खड्ड्यात फुटलेल्या काचेचे तुकडे असतात आणि बाहेरच्या पत्र्याच्या कडा धारदार असतात, म्हणून जाड रबरी हातमोजे घाला. सामान फारसं लागत नाही: स्पंज, जुना टूथब्रश, टूथपिक, पक्कड, बॅटरी, एक चमचा आणि बादली. पत्रा काढायची वेळ आली तर बॉशच्या यंत्रांना टी20 चा चांदणीच्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर लागतो. वॉरंटी चालू असेल तर पत्रा उघडू नका. फिल्टर, फवाऱ्याचे हात, नळाची जाळी आणि बाहेरचा पाइप एवढंच स्वतः करा.

पाणी बाहेर जात नाही

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच, म्हणून इथे सावकाश जाऊ.

भांड्यांचा खालचा ट्रे बाहेर काढा. तळातला गोल फिल्टर घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून उचला, त्याखालची चपटी जाळीही काढा. भात, शेवग्याची साल, कढीपत्त्याचे देठ, लवंगा, बियांचे तुकडे, औषधाच्या गोळ्यांचे कागद, हे सगळं इथे सापडतं. तुपातेलाचा थर बसलेला असेल तर नुसत्या पाण्याने जाळी मोकळी होत नाही. गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून ती दहा मिनिटं भिजवा आणि ब्रशने दोन्ही बाजूंनी घासा. उजेडासमोर धरल्यावर प्रत्येक भोक दिसलं पाहिजे. साबण मात्र पूर्ण धुऊन टाका, नाहीतर पुढच्या धुण्याला फेस होईल.

आता खड्ड्यातलं पाणी स्पंजने टिपून घ्या. तळाशी एका बाजूला प्लॅस्टिकचं छोटं झाकण दिसेल, ते ड्रेन पंपाचं. बॉशमध्ये चमच्याच्या टोकाने ते सैल करायचं आणि मधली पट्टी धरून तिरकं आतल्या बाजूला ओढायचं. आत पंपाचं छोटं पातं आहे. बोटाने नव्हे, चमच्याच्या मागच्या टोकाने ते फिरवून पाहा. ते गुळगुळीत फिरत नाही, अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतं. त्या पंपात चुंबक असतं म्हणून तसं होतं, तो दोष नाही. थोडं हलतं, डुगडुगतं, तेही ठीक. अजिबात हलत नसेल तर पात्याच्या मुळाशी काचेचा तुकडा, बी, दोरा किंवा स्टिकरचा कागद असणार. तो चिमट्याने काढा. झाकण बसवताना खटका ऐकू आला पाहिजे. ते अर्धवट बसलं तर पंप फिरतो पण पाणी ढकलत नाही, आणि यंत्र पुन्हा ई25 दाखवतं.

फिल्टर आणि पंप मोकळे असूनही पाणी साचतं का? मग दोष यंत्राच्या आत आहे की बाहेर, हे ठरवायला एक सोपी चाचणी आहे. निचऱ्याचा पाइप सिंकखालच्या जोडातून सोडवा (खाली बादली हवीच) आणि त्याचं तोंड वर आणून सिंकमध्ये धरा. आत दोन-तीन लिटर पाणी ओता, प्लग लावा आणि यंत्र रिकामं करायला लावा. बॉशमध्ये स्टार्टचं बटण तीन-चार सेकंद दाबून धरलं, की धुणं रद्द होऊन साधारण मिनिटभरात पाणी बाहेर जातं. पाणी जोरात आलं तर यंत्र ठणठणीत आहे आणि सिंकखालचा सायफन, म्हणजे पाणी अडवून ठेवणारा वळणाचा पाइप, तुंबलाय. तो उघडून साफ करा. पंप गुणगुणतो पण पाणी फक्त ठिबकतं, तर पाइपात चरबीचा बोळा आहे किंवा यंत्रामागे पाइप दुमडलाय. पूर्ण शांतता असेल तर पंपाची वायर किंवा पंपच गेलाय.

पाइप किती उंचीवर जोडलाय, हेही पाहायला हवं. बऱ्याच यंत्रांत जोड जमिनीपासून किमान 40 सेंटिमीटर आणि जास्तीत जास्त मीटरभर उंचीवर असावा लागतो. तो जमिनीलगतच्या ट्रॅपमध्ये नुसता खोचला, तर भरलेलं पाणी आपोआप ओढलं जातं. यंत्र पाणी भरत राहतं आणि पाणी निघून जात राहतं. असं असेल तर पाइपाला ओट्याखाली उंचावर एक वळसा देऊन तो पट्टीने भिंतीला पक्का करा. जोड नव्या सायफनवर असेल, तर त्या फाट्याच्या तोंडावर कारखान्यातून आलेलं प्लॅस्टिक कापलंय का तेही बघा. प्लंबर ते विसरतात आणि नवं यंत्र पहिल्याच दिवशी ई24 दाखवतं.

पाणी आत येत नाही किंवा फार सावकाश येतं

ही तक्रार आपल्याकडच्या इमारतींत, खास करून वरच्या मजल्यांवर, भरपूर असते आणि तिचं कारण बहुधा गच्चीवरच्या टाकीच्या उंचीत असतं. बहुतेक यंत्रांना किमान 0.5 बार दाब लागतो. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक बार, तेव्हा टाकीतलं पाणी नळापेक्षा निदान पाच मीटर वर हवं. शेवटच्या मजल्यावर ही उंची अनेकदा तीन-चार मीटरच भरते. जुन्या, गंजाने आतून आकसलेल्या लोखंडी पाइपात त्यातलाही दाब वाटेत जातो.

मोजायला बादली पुरते. यंत्राचा पाइप नळावरून काढा, नळ पूर्ण उघडा आणि दहा लिटरची बादली किती वेळात भरते ते घड्याळावर पाहा. मिनिटभरात भरली तर पुरवठा पुरेसा आहे. दोन-तीन मिनिटं लागली तर यंत्र उघडून काही मिळणार नाही, छोटा प्रेशर पंप बसवावा लागेल. पंप आणण्याआधी अँगल कॉकही तपासा. कित्येकदा आतला वायसर सुटून अर्धी वाट अडवतो आणि कॉक बदलताच पाणी जोरात येतं.

पुरवठा चांगला असेल तर जाळी बघा. नळाला जोडायच्या पाऊण इंची नटच्या आत बारीक जाळी असते. पक्कडीने तिचं मधलं टोक धरून हलकेच ओढा, ब्रशने वाहत्या पाण्यात साफ करा, परत बसवा. सोसायटीची टाकी धुतल्यानंतर किंवा टँकरचं पाणी आल्यावर ही जाळी रेतीने आणि गंजाने हमखास भरते. टाकी धुतल्यावर पहिलं पाणी आधी बादलीत सोडावं, मगच यंत्र चालवावं.

नळापाशी पाइपाच्या टोकाला प्लॅस्टिकचा चौकोनी डबा असेल तर तो गळतीरोधक झडपेचा. तिच्या विजेच्या तारा पाइपाच्या पोटातून यंत्रापर्यंत जातात. तो डबा पाण्यात बुडवू नये, पाइप कापून जोडू नये, लांबवू नये. जोड गळत असेल तर टेफ्लॉनची टेप गुंडाळण्यापेक्षा आतला रबरी वायसर बदला. या जोडात पाणी वायसर अडवतो, आटे नव्हेत.

भांडी नीट निघत नाहीत

वरच्या ट्रेमधले पेले खरकटे आणि खालची ताटं स्वच्छ, किंवा उलट, असं दिसलं तर फवाऱ्याच्या हातांवर संशय घ्या. खालचा हात सरळ वर ओढला की निघतो. वरचा बहुधा मधला नट फिरवून काढावा लागतो. त्यांच्या भोकांत मोहरी आणि जिरं अगदी मापाने बसवल्यासारखं अडकतं. टूथपिकने काढा, मग हात उभा धरून नळाचं पाणी त्यातून सोडा आणि हलवून पाहा. आत खुळखुळ वाजलं तर अजून काही शिल्लक आहे.

हात फिरतो की नाही हे दार बंद असताना दिसत नाही. म्हणून तो ठरावीक दिशेला, म्हणजे टोक दाराकडे येईल असा ठेवा, यंत्र चालू करा, फवारा सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटांनी दार सावकाश उघडा. थांबायची जागा दोन-तीनदा तीच आली तर हात अडतोय: ट्रेमधून खाली आलेला झारा, वर उभी राहिलेली पळी, उंच परात किंवा झिजलेलं बेअरिंग.

साबणाची वडी डब्यात अर्धी उरत असेल तर बहुतेक वेळा समोरच्या ताटाने डब्याचं झाकण अडवलेलं असतं. अर्ध्या तासाच्या झटपट धुण्यात वडी पूर्ण विरघळतही नाही, तिथे पावडर वापरावी. पावसाळ्यात पावडर दमट होऊन डब्यातच दगड होते, ती घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

काचेवर पांढुरका थर दिसला तर बोटभर व्हिनेगर चोळा. थर गेला तर तो क्षारांचा आहे. गेला नाही तर काचच झिजली आहे आणि ती पुन्हा चमकणार नाही. क्षार बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्यात जास्त, आणि त्यांवरचा उपाय यंत्राच्याच तळाशी असतो: मिठाची टाकी. आतल्या रेझिनच्या दाण्यांवर पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरलं जातं, आणि मीठ ते दाणे धुऊन पुन्हा कामाला लावतं. स्वयंपाकाचं मीठ यात घालू नये. त्यातलं आयोडीन आणि मीठ सुटं राहावं म्हणून मिसळलेले पदार्थ रेझिन खराब करतात. डिशवॉशरचं जाड, शुद्ध मीठच लागतं. पहिल्यांदा भरताना आधी टाकीत साधारण लिटरभर पाणी ओता, मग मीठ. बाहेर सांडलेलं मीठ पुसा, झाकण घट्ट लावा आणि लगेच धुणं लावा, कारण खारं पाणी स्टीलवर साचून राहिलं तर गंजाचे ठिपके पडतात. झाकण सैल राहिलं तर प्रत्येक धुण्यात मीठ मिसळून भांडी खारट आणि धुरकट होतात.

मीठ घालूनही थर येत असेल तर पाण्याच्या जडपणाची, म्हणजे त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची, सेटिंग चुकली आहे. टीडीएस मीटर इथे उपयोगाचा नाही, तो सगळेच क्षार मोजतो. जडपणाच्या चाचणी पट्ट्या आणा. पट्टीवरचा लिटरमागे मिलिग्रॅमचा आकडा 17.8 ने भागला की जर्मन अंश, म्हणजे जडपणा मोजायचं एक एकक, मिळतात. 300 मिलिग्रॅम आले तर जवळपास 17 अंश, आणि बॉशच्या तक्त्यात 17 ते 21 अंशांसाठी एच05 ही सेटिंग आहे. इतर कंपन्यांचे तक्ते त्यांच्या पुस्तिकेत असतात.

आत आधीच बसलेला थर काढायला रिकाम्या यंत्राच्या तळाशी शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक अ‍ॅसिड, टाका आणि 65 ते 70 अंशांचं धुणं लावा. त्यात किंवा त्याच्या आगेमागे ब्लीच कधीही घालू नका. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि ब्लीच स्टीललाही खातं.

फेस, गळती आणि ई15

भांडी घासायचं लिक्विड डिशवॉशरमध्ये घातलं, की दहा मिनिटांत फेस दारातून आणि तळातून बाहेर येतो. काही फेस तळाच्या ट्रेमध्ये उतरतो, तिथला थर्माकोलचा तरंगता तुकडा वर उचलला जातो आणि यंत्र ई15 दाखवून पंप सतत चालू ठेवतं. अशा वेळी धुणं रद्द करा, दार उघडून फेस बसू द्या, त्यावर मूठभर मीठ शिंपडा, पाणी काढून टाका आणि साबणाशिवाय दोनदा खळखळून घ्या. मग प्लग काढा, नळ बंद करा, दाराखालची पट्टी सोडवा आणि ट्रेमधलं पाणी स्पंजने टिपा. पट्टीतून हात पोचत नसेल तर दोघांनी मिळून यंत्र सावकाश मागे कलवा, पाणी बाहेर पडेल. कोरडं झालं की तरंगता तुकडा खाली बसतो आणि कोड जातो.

फेस झालेला नसताना ई15 आला तर खरी गळती आहे, तिचा माग काढायलाच हवा. दाराचं रबर, खास करून खालचे दोन कोपरे, ओल्या फडक्याने पुसा. तिथला मळ रबर टेकू देत नाही. यंत्र समपातळीत आहे का ते स्पिरिट लेव्हलने पाहा. त्यानंतर बाजूचा पत्रा काढून पाइपांवर बॅटरी मारा. वाळलेल्या पाण्याचे पांढरे ओघळ गळतीची जागा नेमकी दाखवतात. उंदरांनी कुरतडलेला पाइप आपल्याकडे विरळा नाही. तो टेपने बांधून टिकत नाही, बदलावाच लागतो, आणि मागचं भिंतीतलं भोक तारेच्या जाळीने बुजवावं लागतं.

भाग तपासणं आणि बदलणं

मल्टिमीटर हाताळता येत असेल तर प्लग काढून, भागाच्या तारा सोडवून, रोध मोजा. 230 व्होल्टच्या यंत्रांत ड्रेन पंप साधारण दीडशे ते दोनशे ओहम दाखवतो, पाण्याच्या झडपेची कॉइल तीन-चार हजार ओहम, 1800 ते 2000 वॅटचा हीटर 25 ते 30 ओहम. मीटरवर अनंत आलं तर आतली तार तुटलेली आहे. अमेरिकेतल्या 120 व्होल्टच्या यंत्रांना हे आकडे लावू नयेत.

ड्रेन पंप बदलणं घरी जमतं. बॉशच्या अनेक मॉडेलांत तो खिटीने अडकवलेला असतो. खिटी दाबून पाव आटा फिरवला की सुटतो. त्याआधी खड्डा पूर्ण कोरडा करा आणि खाली जाड फडकी पसरा, कारण यंत्र आडवं केलं की मिठाच्या टाकीतलं पाणीही सांडतं. नवा पंप मागवताना नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही. दाराच्या आतल्या कडेवरचा ई-नंबर, तिरप्या रेघेनंतरच्या दोन आकड्यांसह, दुकानदाराला द्या. जुन्याची गोल रबरी रिंग नव्याला लावू नका, नवीच बसवा.

ई09 मात्र वेगळा. बॉशच्या आताच्या यंत्रांत हीटर मोठ्या पंपातच बसवलेला असतो, त्यामुळे संपूर्ण पंप बदलावा लागतो. कधीकधी कंट्रोल बोर्डवरचा रिले किंवा डाग दिलेला जोडही जळालेला असतो. यंत्र पाणी तापवायच्या टप्प्यावर आलं की घरातला आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडत असेल, तर हीटरमधून गळणारी वीज पत्र्यापर्यंत पोचते आहे. आरसीसीबी परत वर करून पुन्हा चालवून बघू नका. प्लग काढून ठेवा आणि जाणकार माणसाला बोलवा. हीटरचं इन्सुलेशन साध्या मल्टिमीटरने कळत नाही, त्यासाठी मेगर हा इन्सुलेशन मोजायचा खास मीटर लागतो. बोर्डमध्ये झुरळं शिरल्याने आलेले बिघाडही त्या जाणकारावरच सोडा.

काम संपल्यावर पत्रा लगेच बंद करू नका. प्लग काढलेला असतानाच आत लिटरभर पाणी ओता आणि पाच मिनिटं थांबून जोडांखाली कोरडा टिश्यू कागद फिरवा. तो कोरडा राहिला तर पत्रा लावा, मग 65 अंशांचं एक पूर्ण धुणं रिकाम्या यंत्रात चालवा आणि शेवटच्या निचऱ्यापर्यंत जवळच थांबा. त्यानंतर प्लग काढून खालच्या पट्टीतून पुन्हा तोच कागद ट्रेवर टेकवून बघा.